मुक्तस्रोत कोडचं बिऱ्हाड कुठे थाटावं? गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग की स्वतःचा सर्व्हर

कानामात्रा

एक देवनागरी फॉन्ट आणि त्याच्या जोडीला मराठी शुद्धलेखन तपासणीची शब्दयादी, असा जोडप्रकल्प सार्वजनिक करायचा आहे. फॉन्टला ओएफएल, शब्दयादी आणि पायथन स्क्रिप्टांना जीपीएल ३, दोन्ही मुक्त परवाने. काम करणारे चौघे, त्यातले दोघेच प्रोग्रॅमर. उरलेले दोघे अक्षरं आखतात आणि शब्द तपासतात. टर्मिनल (आदेश टंकायची खिडकी) उघडलं की ते चहाला जातात. सध्या रेपो (इतिहासासकट सांभाळलेलं प्रकल्पाचं फोल्डर) एका सदस्याच्या गिटहबवरच्या (कोड ठेवायचं संकेतस्थळ) वैयक्तिक खात्यात खाजगी आहे. आकार साधारण ३०० एमबी, त्यातला बराचसा जुन्या टीटीएफ (बांधून तयार फॉन्टच्या) फायलींचा. खर्च वर्षाला दोन-अडीच हजारांपर्यंत चालेल.

गिटहबवरच ठेवून मोकळं व्हावं, की बाकीच्यांचा विचार करण्यात अर्थ आहे? "सगळे तिथेच असतात" याखेरीज काही कारणं असतील तर हवी आहेत.

फांदीवरचा

कोड कुठे ठेवायचा हा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नाही, कारण गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. ज्याने ज्याने क्लोन केलं, म्हणजे पूर्ण प्रत उतरवली, त्याच्या पाठीवर सगळा इतिहास आहेच. अडतं ते गिटच्या बाहेरचं: इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरची (बदल सामावून घ्या या विनंतीवरची) चर्चा, विकीतली पानं, रिलीजच्या फायली, सीआयची (बांधणी-चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची) मांडणी, आणि सगळ्यात चिवट म्हणजे पत्ता. लोकांच्या लेखांत, इतर प्रकल्पांच्या अवलंबनांत तुमचा जो पत्ता छापला गेला तो.

त्यामुळे जागा निवडताना "तिथे काय मिळतं" याच्याइतकंच "तिथून निघताना काय उचलता येतं" हे बघा. निघायची वेळ येते. गूगल कोडने मार्च २०१५ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये ते वाचण्यापुरतं उरलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद. गिटोरियस २०१५ मध्येच गिटलॅबने घेतलं आणि काही महिन्यांत गुंडाळलं. बिटबकेट चालू आहे, पण मर्क्युरियल (गिटसारखंच दुसरं साधन) वापरणाऱ्यांना जुलै २०२० मध्ये बाहेर पडावं लागलं. सोर्सफोर्ज बंद पडलं नाही, पण २०१५ मध्ये गिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची जोड दिल्याचा जो गोंधळ झाला, त्यानंतर लोकच उठून गेले. (२०१६ मध्ये मालक बदलले आणि तो प्रकार थांबला, हेही सांगायला हवं.)

फॉन्टचंच उदाहरण हवं तर आपला लोहित घ्या. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला फॉन्ट. तो फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या फेडोराहोस्टेडवर होता. ते २०१७ मध्ये बंद झालं. मग फेडोराचंच पॅगुरे आलं. आता पॅगुरेच्या जागी फोर्जेओ हे कोड ठेवायचं सॉफ्टवेअर आणायचं हे फेडोराने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं. फॉन्ट तोच, दारावरची पाटी दर काही वर्षांनी नवी.

म्हणून पहिलं काम: स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास येतं. प्रकल्पाचं मुखपृष्ठ आणि फॉन्ट उतरवण्याची पानं त्या डोमेनवर ठेवा आणि लोकांना तोच पत्ता द्या. मागे रेपो कुठेही हलवा.

सव्वाशेर

डोमेनशी सहमत, बाकी थोडं व्यवहाराचं बोलतो. तुमच्या प्रकल्पाला गिटहब टाळून चालणार नाही. गूगल फॉन्ट्सचं कामकाज गिटहबवर चालतं; मुक्ता, बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट असोत किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका असो, रेपो गिटहबवरच आहेत. फॉन्टमध्ये चूक दिसली की ती कळवणाऱ्याचं खातं तिथे आधीपासून असतं. नवीन खातं काढायला लावलं की दहातले निम्मे जण कळवायचंच सोडून देतात. (हा आकडा अंदाजपंचे, पण अडचण खरी आहे.)

दुसरं, पायथनची स्क्रिप्ट पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या भांडारात) टाकणार असाल तर तिथे 'ट्रस्टेड पब्लिशिंग' २०२३ पासून आहे: सीआय थेट पॅकेज चढवतं, कायमचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) कुठेही साठवावं लागत नाही. ते गिटहब अ‍ॅक्शन्स (गिटहबचं सीआय) आणि गिटलॅब डॉट कॉमवरून चालतं. कोडबर्गवरून टोकन हातानेच सांभाळावं लागेल.

मर्यादा लक्षात ठेवा. एक फाइल १०० एमबीच्या वर गेली की पुश (बदल वर चढवणं) नाकारला जातो, ५० च्या वर इशारा येतो. रेपो आटोपशीर ठेवा असं ते स्वतःच सुचवतात. रिलीजला जोडलेल्या फायलींना मात्र प्रत्येकी २ जीबीपर्यंत मुभा. सार्वजनिक रेपोला अ‍ॅक्शन्सचे साधे रनर (सीआय चालवणारी यंत्रं) फुकट; खाजगी असेल तर फुकट खात्याला महिन्याला २००० मिनिटं. आणि एक बारीक काटा: सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसली की वेळापत्रकावर चालणारे वर्कफ्लो (सीआयला नेमून दिलेली कामं) आपोआप थांबतात. शब्दयादीची मासिक बांधणी लावून विसरलात तर तिसऱ्या महिन्यात ती निमूट बंद झालेली असते.

तळटीप

गिटहबची दुसरी बाजूही असू द्या. ते स्वतः मुक्तस्रोत नाही, २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं आहे (साडेसात अब्ज डॉलर). अमेरिकी कंपनी, म्हणून अमेरिकी निर्बंध लागू. जुलै २०१९ मध्ये इराण, सीरिया, क्रायमियातल्या लोकांची खाजगी रेपो एका रात्रीत बंद झाली. इराणसाठी परवाना मिळून ते सुरळीत व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये यूट्यूब-डीएल या व्हिडिओ उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा रेपो कॉपीराइटच्या नोटिशीवरून खाली आला, नोव्हेंबरमध्ये परत आला. परत आला हे चांगलंच, पण मधले तीन आठवडे इश्यू कुठे होते याचा विचार करा.

आणि झळ नेहमी तिकडूनच लागते असं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये भारत सरकारच्या आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यात गिटहब होतं. पुढेही काही इंटरनेट पुरवठादारांकडे गिटहबच्या कच्च्या (रॉ) फायलींचा पत्ता उघडत नाही अशा तक्रारी येत राहिल्या. तेव्हा इन्स्टॉल स्क्रिप्ट किंवा वेबफॉन्ट त्या कच्च्या पत्त्यावरून ओढायला लावू नका. एकाच्या घरी चालतं, दुसऱ्याच्या घरी चालत नाही, आणि दोष फॉन्टला लागतो. रिलीजची झिप फाइल किंवा स्वतःचं डोमेन, दोन्ही बरं.

मठ्ठा_एक्स्ट्रा

वाचनखूण साठवली. गिटलॅबबद्दल कुणी लिहील का?

उलटा_स्वल्पविराम

गिटलॅबचं आधी नाव वेगळं करून घ्या. गिटलॅब डॉट कॉम ही सेवा आणि गिटलॅब हे सॉफ्टवेअर या दोन वस्तू आहेत. ग्नोम, केडीई, डेबियनचं साल्सा हे लिनक्स जगातले सगळे ते सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. गिटलॅब डॉट कॉमवर राहणाऱ्यांत आपल्याकडचं उदाहरण म्हणजे स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग. त्यांचे मलयाळम फॉन्ट तिथे आहेत.

फुकट योजनेत महिन्याला ४०० सीआय मिनिटं मिळतात. २०२१ पासून नव्या खात्याला त्यांचे रनर वापरायला कार्डाची पडताळणी लागते, कारण लोकांनी फुकटच्या सीआयवर क्रिप्टो नाणी खणायला घेतली होती. खाजगी गटात पाचच माणसं. मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वेगळी योजना आहे, अर्ज करावा लागतो.

चांगली गोष्ट म्हणजे इश्यू, लेबलं, मर्ज रिक्वेस्ट (पुल रिक्वेस्टचंच गिटलॅबमधलं नाव) यांच्यासकट आख्खा प्रकल्प एका फायलीत बाहेर काढता येतो. वाईट गोष्ट म्हणजे ती फाइल दुसऱ्या गिटलॅबलाच नीट कळते. शिवाय गिटलॅबमध्ये इश्यू आणि मर्ज रिक्वेस्टचे क्रमांक वेगवेगळ्या माळेत असतात: इश्यू ४२ वेगळा, मर्ज रिक्वेस्ट ४२ वेगळी. गिटहब आणि फोर्जेओत दोघांची माळ एकच. त्यामुळे गिटलॅबवरून गिटहबवर गेलात की "४२ दुरुस्त" असं लिहिलेले जुने कमिट (नोंदवलेले बदल) भलत्याच इश्यूकडे बोट दाखवायला लागतात. गिटहबवरून कोडबर्गवर जाताना मात्र क्रमांक जसेच्या तसे राहतात.

झिग या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कोडबर्गवर जाताना तिसराच मार्ग काढला: जुने इश्यू गिटहबवरच राहू दिले आणि कोडबर्गवर क्रमांक ३०,००० पासून सुरू केले. क्रमांक बघूनच कळतं कुठे शोधायचं. हे डोकं आवडलं.

फांदीवरचा

कोडबर्गचं मी लिहितो. बर्लिनमधली नोंदणीकृत संस्था, २०१८ ची. कंपनी नाही, सभासद मतदान करतात, देणग्यांवर चालते. आत फोर्जेओ आहे, जे २०२२ च्या शेवटी गिटी या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं आणि २०२४ पासून पूर्ण वेगळं झालं. पडदा गिटहबसारखाच, त्यामुळे तुमच्या शब्द तपासणाऱ्यांना ब्राउझरमधून फाइल सुधारून पुल रिक्वेस्ट पाठवता येईल, चहाची वेळ टळेल.

अटी: मान्यताप्राप्त मुक्त परवाना हवाच. ओएफएल आणि जीपीएल दोन्ही चालतात. पण शब्दयादी बनवताना कुठला "अव्यावसायिक वापरापुरता" परवाना असलेला संग्रह मिसळला असेल तर तो तिथे बसत नाही. खरं तर जीपीएलमध्येही बसत नाही, तेव्हा ते आधीच तपासा. खाजगी रेपो मुक्त प्रकल्पाला लागेल तेवढ्यापुरतेच. सीआय आहे, पण साधनं मोजकी, आणि वुडपेकर (त्यातलंच एक) वापरायचं तर आधी विनंती करावी लागते. फॉन्ट बांधायला दोन-चार मिनिटं लागत असतील तर चालून जाईल. प्रत्येक कमिटला फॉन्टच्या आठ वजनांची (जाडीच्या प्रकारांची) चाचणी चालवणार असाल तर तिथे भार टाकू नका.

अधूनमधून हल्ल्यांमुळे संथ होतं. पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे ध्यानात ठेवून अपेक्षा ठेवा.

कानामात्रा

धन्यवाद सगळ्यांना. दोन प्रश्न. फोर्जेओ इतकं हलकं असेल तर स्वतःच्याच सर्व्हरवर का टाकू नये? बजेटात बसतंय. आणि रेपो वैयक्तिक खात्यातून संस्थेच्या खात्यात न्यायला मिरर क्लोन (जशीच्या तशी प्रत) करून मिरर पुश केलं तर बरेचसे संदर्भ (शाखा, टॅग वगैरेंची नावं) "हिडन रेफ" म्हणून नाकारले गेले. कोड पोहोचलेला दिसतोय. काय राहिलं?

सव्वाशेर

दुसऱ्याचं उत्तर आधी. काही राहिलं नाही. मिरर क्लोन करताना गिटहबने प्रत्येक पुल रिक्वेस्टसाठी ठेवलेले 'पुल' नावाखालचे छुपे संदर्भही उतरतात. ते गिटहबच्या मालकीचे, बाहेरून लिहू देत नाही, म्हणून नकार. शाखा (कामाच्या समांतर धारा) आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) गेले असतील तर कोड पूर्ण आहे. पुन्हा करायचं झालं तर दोन आदेश: 'गिट पुश --ऑल' आणि मग 'गिट पुश --टॅग्ज'. (आदेश उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन.)

पण मुळात हा मार्गच चुकला. गिटहबवरून गिटहबवर जायचं तर पुश करायचं नसतं. रेपोच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी मालकी हस्तांतराचं बटण आहे. त्याने इश्यू, तारे, रिलीज सगळं सोबत जातं आणि जुना पत्ता नव्याकडे वळतो. नवीन रिकामा रेपो उडवा आणि तसं करा. त्यानंतर जुन्या खात्यात त्याच नावाचा रेपो पुन्हा कधी काढू नका. काढलात की वळण तुटतं आणि जुन्या पत्त्यावर येणारे लोक भलत्याच कोडवर उतरतात. ते खातं बंद करून नाव मोकळं सोडणं तर त्याहून वाईट, कारण मग ते नाव कुणीही घेऊ शकतो.

हे झालं की संस्थेचे मालक किमान दोन करा. एकच मालक, त्याचा फोन हरवला, द्विस्तरीय पडताळणीचे राखीव कोड त्याच फोनमध्ये, की प्रकल्प कुलपात. राखीव कोड कागदावर छापून दोन घरी ठेवा.

लिनक्सकर

स्वतःच्या सर्व्हरबद्दल. फोर्जेओ म्हणजे गो भाषेतली एकच चालती फाइल, सोबत एसक्यूलाइट (एका फायलीत मावणारा डेटाबेस). चौघांना एक जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) पुरतो. गिटलॅब तेवढ्यात टाकायच्या भानगडीत पडू नका, ४ जीबीवरही ते धापा टाकतं. घरच्या फायबरवर ठेवायचा विचार असेल तर आधी राउटरमधला आयपी आणि बाहेरून दिसणारा आयपी ताडून बघा. वेगळे असतील तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा आयपी) मागे आहात, बाहेरून दार उघडणारच नाही.

मांडणी थोडक्यात: 'गिट' नावाचा वेगळा वापरकर्ता, फोर्जेओ ३००० पोर्टवर फक्त आतल्या आत, पुढे कॅडी हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर, प्रमाणपत्र ते स्वतः आणतं. एसएसएचसाठी (सुरक्षित दूरजोडणीसाठी) फोर्जेओचा अंतर्गत सर्व्हर चालू करू नका. यंत्राचा २२ पोर्ट आधीच घेतलेला असतो, मग २२२२ द्यावा लागतो आणि क्लोनच्या पत्त्यात पोर्ट शिरतो. नेहमीचा ओपनएसएसएच वापरला की 'गिट' वापरकर्त्याच्या किल्ल्या फोर्जेओ स्वतः लिहितं.

नोंदणी पहिल्याच दिवशी बंद करा: अ‍ॅप डॉट आयएनआय या मांडणीच्या फायलीत 'डिसेबल रजिस्ट्रेशन' हे 'ट्रू' करा. उघडी ठेवलीत तर आठवड्याभरात कर्जाच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती असलेल्या शेकडो प्रोफाइल. पण बंद केली की बाहेरचा माणूस इश्यू कसा नोंदवणार, हा पेच उरतोच. एक ईमेल पत्ता द्या किंवा इश्यू दुसरीकडे घ्या.

बॅकअप. चालू असलेली एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली हाती लागू शकते. 'फोर्जेओ डंप' वापरा, किंवा एसक्यूलाइटचा स्वतःचा बॅकअप आदेश. डंपला परत भरणारा आदेश नाही. झिप सोडून फायली जागच्या जागी हाताने ठेवायच्या, डेटाबेस भरायचा आणि मग हुक (पुश आला की आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टा) नव्याने तयार करायचा आदेश द्यायचा. तो विसरलात तर पुश होतो पण पडद्यावर शाखा जुनीच दिसते, आणि तासभर डोकं खाजवलं जातं. तिमाहीला एकदा दुसऱ्या यंत्रावर परत भरून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉमवर चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली तेव्हा पाच प्रकारच्या बॅकअपांपैकी एकही धड उपयोगाला आला नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. गिट रेपो शाबूत होते, गेले ते इश्यू आणि टिप्पण्या.

आणि सध्याची खरी डोकेदुखी म्हणजे एआयसाठी पानं ओरबाडणारे बॉट. गिटच्या वेब पडद्यावर प्रत्येक फाइल गुणिले प्रत्येक कमिट इतकी पानं तयार होतात. 'ब्लेम'चं (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारं) पान बनवायला सर्व्हर इतिहास उलगडतो, आणि बॉट तीच पानं रांगेने मागतो. एक जीबीचा व्हीपीएस त्यात गारद. मार्च २०२५ मध्ये ग्नोमच्या गिटलॅबपुढे अनुबिस हे बॉट अडवणारं साधन बसवावं लागलं. ते ब्राउझरला आधी थोडं गणित करायला लावतं. तुम्हालाही तसंच काही लागेल.

उलटा_स्वल्पविराम

एवढं वाचून कानामात्रांना उत्तर मिळालं असावं. चौघांपैकी दोघेच तांत्रिक, आणि त्यातल्या एकाने रविवारी रात्री डिस्क भरली म्हणून उठायचं? फॉन्टमधल्या जोडाक्षरांचं काम कोण करणार? स्वतःचा सर्व्हर आरसा (मिरर, म्हणजे आपोआप ताजी होणारी प्रत) म्हणून ठेवा, मुख्य दार म्हणून नको.

लिनक्सकर

मान्य. "का टाकू नये" असं विचारलं म्हणून लिहिलं :)

कानामात्रा

मुख्य जागा कोडबर्ग आणि आरसा गिटहबवर, असं केलं तर? म्हणजे गूगल फॉन्ट्सवाल्यांना तिथे सापडेल.

फांदीवरचा

होतं. कोडबर्गवर रेपोच्या सेटिंग्जमध्ये पुश मिरर जोडा: गिटहबचा पत्ता, वापरकर्तानाव, आणि पासवर्डच्या जागी टोकन (गिटहबने गिटसाठी पासवर्ड ऑगस्ट २०२१ पासून बंद केलाय). "कमिट आल्यावर लगेच" ही खूण करा, नाहीतर ठरलेल्या अंतराने जातं, मूळ अंतर ८ तास. उलट दिशेचा, म्हणजे गिटहबवरून ओढून आणणारा आरसा कोडबर्गने बंद ठेवलाय.

हे चार ठिकाणी फुटतं. टोकनला फक्त रेपोची परवानगी दिलीत आणि रेपोत गिटहबच्या वर्कफ्लोची फाइल बदलली, की आख्खा पुश नाकारला जातो. टोकनला 'वर्कफ्लो'ची वेगळी परवानगी लागते. टोकनची मुदत संपली की आरसा जागच्या जागी थिजतो, कुणाला पत्ता लागत नाही. मुदतीची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका. तिसरं, आरसा जबरदस्तीने लिहितो: कुणी उत्साहाने गिटहबवरच पुल रिक्वेस्ट मर्ज केली तर पुढच्या फेरीत ती पुसली जाते. गिटहबवर इश्यू बंद करा आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत मूळ पत्ता द्या. चौथं, फोर्जेओला स्वतःच्या डिरेक्टरीत वर्कफ्लो सापडले नाहीत तर ते गिटहबच्याच डिरेक्टरीतले उचलतं. मग तीच बांधणी दोन्हीकडे चालते आणि दोन्हीकडून रिलीज निघायला बघते. फोर्जेओसाठी वेगळी डिरेक्टरी करा, त्यात एखादी साधी तपासणी असली तरी पुरे.

सव्वाशेर म्हणतात ते पायपीआयचं यातच सुटतं: टॅग आरशावर पोहोचला की तिथलं अ‍ॅक्शन पॅकेज चढवतं.

तळटीप

आरसा लावायच्या आधी ते ३०० एमबी साफ करा. सार्वजनिक केल्यावर इतिहास बदलणं म्हणजे सगळ्यांना पुन्हा क्लोन करायला लावणं. आज टीटीएफ पुसून कमिट केलीत तरी जुन्या कमिटांत ती असतेच, आकार तसूभर कमी होत नाही. गिट फिल्टर-रेपो हे इतिहास गाळणारं साधन वापरा: ताजं क्लोन घ्या (तो ताज्या क्लोनशिवाय चालायला नकार देतो, आणि ते बरंच आहे), 'पाथ-ग्लॉब' म्हणून तारा-टिंब-टीटीएफ, सोबत 'इन्व्हर्ट-पाथ्स'. काम झाल्यावर तो ओरिजिनचा (मूळ रेपोचा) पत्ता काढून टाकतो, ती चूक नव्हे; घाईत जुन्यावर पुश होऊ नये म्हणून. सगळ्या कमिटांची ओळख बदलते, सह्या केलेल्या असतील तर त्या गळतात. आणि हा बदललेला इतिहास जुन्या गिटहब रेपोवर लोटण्यापेक्षा नव्या रेपोत घाला; जुन्यातल्या पुल रिक्वेस्टचे छुपे संदर्भ जुनं सगळं धरून बसलेले असतात.

फॉन्टचं मूळ यूएफओ या फॉन्ट-स्वरूपात ठेवत असाल तर उत्तम. त्यात प्रत्येक वर्णाकृतीची वेगळी एक्सएमएल फाइल असते, त्यामुळे "क्ष"ची गाठ हलवली तर फरकात "क्ष"च दिसतो. बांधलेले टीटीएफ रेपोत नकोच, रिलीजला जोडा. एलएफएसचा (मोठ्या फायली गिटबाहेर ठेवायची सोय) मोह टाळा: मिरर क्लोनमध्ये एलएफएसच्या फायली येत नाहीत, नुसत्या तीन ओळींच्या चिठ्ठ्या येतात. खऱ्या फायली 'एलएफएस फेच --ऑल' आणि 'एलएफएस पुश --ऑल' करून वेगळ्या न्याव्या लागतात.

मठ्ठा_एक्स्ट्रा

अवांतर: सोर्सहट ही कोड ठेवायची जागा कुणी वापरतं का? पॅच (बदलांचे तुकडे) ईमेलने पाठवायचे म्हणतात.

लिनक्सकर

सुंदर वस्तू आहे. जावास्क्रिप्टशिवाय चालते, 'गिट सेंड-ईमेल'ने पॅच पाठवणाऱ्याला खातंच लागत नाही, पैसे फक्त रेपो सांभाळणारा देतो. पण शब्द तपासणाऱ्या दोघांना सेंड-ईमेल शिकवायचं म्हणजे ते चहाहून परत येणार नाहीत. पैसे भरताना एक: रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे परदेशी सेवांचे आपोआप वळते होणारे हप्ते भारतीय कार्डांवर अडकू शकतात. जिथे पैसे भरायचे तिथे वर्षाचे एकदम, हाताने भरलेले बरे. डोमेनलाही हेच लागू.

सव्वाशेर

डोमेन जिथून घ्याल तिथे नूतनीकरणाचा इशारा चौघांच्या सामाईक पत्त्यावर जाईल असं करा.

आणि प्रकल्प सार्वजनिक झाला की सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संकेतस्थळावर 'सेव्ह कोड नाऊ'मध्ये रेपोचा पत्ता टाका. फ्रान्सच्या इन्रियाने २०१६ मध्ये सुरू केलेला संग्रह आहे, कोडबर्ग, गिटलॅब, गिटहब सगळीकडून घेतो. बिटबकेटने मर्क्युरियल पुसलं तेव्हा तिथले सार्वजनिक रेपो यांनी आधीच उतरवून घेतले होते. इश्यू मात्र त्यात जात नाहीत. ते महिन्यातून एकदा एपीआयमधून (प्रोग्रॅमसाठीच्या दारातून) जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात काढून त्याच रेपोच्या वेगळ्या शाखेत टाकलेत तर विंचवाच्या पाठीवर तेही चढतील. गिटहबच्या एपीआयला टोकन द्या. बिनटोकन तासाला ६० विनंत्या, टोकनसह ५०००.

कानामात्रा

ठरलं: डोमेन आधी, मग साफसफाई, मग कोडबर्ग, मग आरसा. शेवटचा प्रश्न. शब्दयादीच्या फायलींची नावं देवनागरीत आहेत. गिट स्टेटसमध्ये नावांऐवजी आकड्यांची माळ दिसते. आणि एका सदस्याच्या मॅकवरून आलेल्या बदलात दोन ओळी डोळ्यांना हुबेहूब सारख्या, तरी एक उणे एक अधिक दिसते. जागा बदलल्यावर हे वाढेल का?

उलटा_स्वल्पविराम

जागेचा संबंध नाही, पण सार्वजनिक करण्याआधी निस्तरा.

आकड्यांची माळ म्हणजे गिट नावातले बाइट अष्टमान पद्धतीत दाखवतंय. "म" दिसतो \३४०\२४४\२५६ असा. 'कोअर डॉट कोटपाथ' हे 'फॉल्स' करा, नावं वाचता येतील. प्रत्येकाच्या यंत्रावर करावं लागतं, ते रेपोतून जात नाही. रेपोचं स्वतःचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवा, गिटहब देवनागरी नाव घेत नाही, त्याच्या नुसत्या रेघा करतो.

त्या सारख्या दिसणाऱ्या ओळींत बहुतेक "ऱ" असणार. "दुसऱ्या", "वाऱ्या", "तऱ्हा" बघा. ऱ हे एक सलग चिन्ह म्हणून साठवता येतं, किंवा र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असं दोन तुकड्यांत. पडद्यावर फरक शून्य, बाइट वेगळे. एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडची समान रूपं एकाच रूपात आणणं) केलं की दोन्हींचं सलग ऱ होतं. फायलींच्या नावांसाठी मॅकवर 'कोअर डॉट प्रीकंपोजयुनिकोड' हे 'ट्रू' ठेवा. फायलींच्या आतल्या मजकुराला गिट हात लावत नाही, तिथे पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलचं 'नॉर्मलाइज' चालवा.

एवढ्यावर भागत नाही. हाच चंद्रकोरी र तिसऱ्या प्रकारेही लिहिला जातो: र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. तो एनएफसीने बदलत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळीच चिन्हमालिका आहे. शब्दयादीत एक रूप ठरवा, दुसरं सापडलं तर सीआयने पुल रिक्वेस्ट लाल करावी, आणि हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या एएफएफ फायलीत आयकॉन्व्हच्या ओळी घालून वापरणाऱ्याने टंकलेली उरलेली रूपं त्यावर वळवा. नाहीतर "दुसऱ्या" बरोबर लिहूनही खाली लाल रेघ येते, आणि लोक इश्यू नोंदवतात तेव्हा त्यातही तो शब्द सारखाच दिसतो. म्हणून इश्यूच्या साच्यात "शब्द कॉपी करून पेस्ट करा, चित्र जोडू नका" ही ओळ आत्ताच घालून ठेवा.